सुरा, सुंदरी आणि सोडा

आईच्या स्वयंपाकघरात साखरेच्या डब्याखाली बरीच वर्षं एक समुद्र होता. निळाशार, कुठल्याशा परदेशी बेटावरचा, आणि त्यात गुडघाभर पाण्यात उभी असलेली एक मुलगी. पान उलटं घातलेलं असल्यामुळे एरवी ती दिसायची नाही. दिवाळीला डबे घासायला काढले की कागदाचा एक कोपरा वर यायचा आणि तिचा ओला खांदा दिसायचा. आई तो कोपरा दाबायची आणि वर पुन्हा डबा ठेवायची. "कागद मात्र चांगला जाड आहे," एवढंच त्या अख्ख्या प्रकाराबद्दल तिचं मत होतं.

ते किंगफिशर बिअरचं कॅलेंडर होतं. मी तेव्हा मुंबईत एका जाहिरात कंपनीत मराठी मजकूर लिहायचो. जानेवारी लागला की ऑफिसात या कॅलेंडरवरून कुजबुज सुरू व्हायची. ते दुकानात जाऊन विकत घ्यायचं नसे, कुणीतरी ते तुम्हाला पाठवावं लागे. त्यामुळे ज्याच्या केबिनमध्ये ते लागलं तो मोठा, असा सरळ हिशेब होता. एका वर्षी आमच्या साहेबांकडे दोन आली आणि त्यातलं एक त्यांनी उदार होऊन माझ्या हातात ठेवलं. आता बदलापूरच्या दोन खोल्यांत, बायको आणि शाळकरी मुलीसमोर ते लावणार कुठे? गुंडाळी करून गावी नेलं. आईने उलगडून पाहिलं, मागची बाजू पाहिली. तिच्या लेखी कॅलेंडर म्हणजे कालनिर्णय. ज्यावर एकादशी नाही, चतुर्थी नाही, मागे पाककृती नाही, ते कॅलेंडरच नव्हे. तिने कात्री आणली.

पुढे कितीतरी वर्षं मी दारूच्या जाहिरातींवर लिहायचं ठरवत आलो आणि दरवेळी तो डबा आठवून हसू यायचं. कारण त्या कॅलेंडरमागे जी काय बुद्धी, पैसा आणि धडपड होती, ती मी जवळून पाहिली होती. पहिलं कॅलेंडर २००३ सालचं. विजय मल्ल्यांची कंपनी, अतुल कसबेकरांचा कॅमेरा. कतरीना कैफ पहिल्याच वर्षी त्यात होती, दीपिका पदुकोण २००६ला, म्हणजे हिंदी सिनेमात यायच्या आधी. बारा महिने, बारा पानं, आणि बिअरचा ग्लास शोधून सापडायचा नाही. कोपऱ्यात एक छोटा पक्षी तेवढा. त्या पक्ष्याने बाकीचं काम करायचं: तो पाहून तुम्हाला समुद्र आठवायचा, आणि समुद्र पाहून तो पक्षी. मग २००५ला त्याच नावाची, त्याच लाल रंगाची विमानं उडायला लागली. ती २०१२ला जमिनीवर आली, मल्ल्या २०१६ला देशाबाहेर गेले, गोव्यातल्या कांदोळीचा त्यांचा तो प्रसिद्ध बंगला बँकांनी २०१७ला ७३ कोटींना विकला. पण जाहिरातीचा विद्यार्थी म्हणून मला त्या घसरणीत फारसा रस नाही. मला रस आहे तो कागद आमच्या फडताळापर्यंत कसा पोचला यात.

त्यासाठी जरा मागे, मळीच्या वासाकडे जावं लागेल.

माझं लहानपण नगर जिल्ह्यातल्या एका साखर कारखान्याच्या कॉलनीत गेलं. (आता अहिल्यानगर म्हणायचं, पण जिभेला वेळ लागतो.) गाळप सुरू झालं की पहिले आठ दिवस गोड वास यायचा, नंतर आंबूस, आणि मग तो वास येतोय हेच कळेनासं व्हायचं. उसाचा रस आटवून साखर काढली की उरते ती मळी. मळी जायची डिस्टिलरीत. वडील अकाउंट्समध्ये होते. महिन्यातून दोनदा, शनिवारी रात्री, दार लोटून, स्टीलच्या पेल्यात ते 'घ्यायचे'. कपाटात धोतरामागे ठेवलेल्या बाटलीवर चौकड्यांचा घागरा घातलेला, पिपाणी फुंकणारा एक माणूस होता. मला तो लग्नातला बँडवाला वाटायचा.

कॉलनीतले कामगार गेटसमोरच्या दुकानात संत्रा, म्हणजे देशी दारू, प्यायचे. तिथे बाटलीला पत्र्याचं बूच, बसायला लाकडी फळी, चकण्याला मीठ लावलेले चणे किंवा नुसतंच मीठ. पगाराच्या दिवशी गेटच्या आत सुपरवायझर आणि गेटच्या बाहेर बायका उभ्या असायच्या. नवरा बाहेर पडला की पाकीट त्या दुकानाच्या आधी हातात आलं पाहिजे, नाहीतर महिना गेला. आमच्या शेजारच्या लायनीतली एक बाई कडेवर पोर घेऊन यायची. एकदा आईने वडिलांना, मुद्दाम मला ऐकू जाईल अशा आवाजात, म्हटलं, "त्यांच्यात आणि तुमच्यात काय फरक आहे?" वडिलांनी पेला खाली ठेवला आणि कारकुनी शांतपणे उत्तर दिलं, "ती दारू. ही व्हिस्की."

जाहिरात या धंद्याची इतकी नेमकी व्याख्या मला नंतरच्या पंचवीस वर्षांत कुणी सांगितली नाही.

दोन्ही बाटल्यांचं मूळ एक आहे हे मला डिस्टिलरीतल्या एका केमिस्टकाकांनी सांगितलं, मी बारावीत असताना. "टँकर दोन, टाकी एकच," ते म्हणाले. मळी आंबवायची, उकळायची, स्पिरिट काढायचं. थोडं गाळून, पाणी आणि संत्र्याचा अर्क घातला की देशी. आणखी गाळून, वास पुरता काढून टाकून, जळक्या साखरेचा रंग आणि चिमूटभर खरी माल्ट व्हिस्की घातली की विलायती. महागड्या बाटल्यांत हल्ली धान्याचं स्पिरिट असतं, पण आपल्याकडच्या स्वस्त आणि मध्यम व्हिस्कीचा मोठा भाग वर्षानुवर्षं मळीचाच होता. युरोपच्या नियमांत तिला व्हिस्की म्हणताच येत नाही, कारण व्हिस्की धान्याची आणि उसाची ती रम, असा त्यांचा सरळ हिशेब. वडिलांना हे सांगायचा मला धीर झाला नाही. त्यांनी घागरेवाल्यासाठी जास्तीचे पैसे मोजले होते आणि तो घागरेवाला खरा होता, त्यांच्यापुरता.

नोकरी लागल्यावर पहिल्याच वर्षात माझ्याकडे एका 'सोड्या'ची जाहिरात मराठीत करायला आली. सोडा म्हणजे काय हे सगळ्यांना ठाऊक होतं. आपल्याकडे मुंबई दारूबंदी कायदा १९४९ सालचा. तो अजून लागू आहे, त्यात दारूच्या जाहिरातीला मनाई आहे, आणि त्याच कायद्याखाली पिणाऱ्याला जो परवाना मिळतो त्यात लिहिलेलं असतं की धारकाला प्रकृती जपण्यासाठी आणि टिकवण्यासाठी मद्याची गरज आहे. विदेशीचा एका दिवसाचा परवाना पाच रुपये, देशीचा दोन. म्हणजे सरकारदरबारी आपण सगळे पेशंट. केबल टीव्हीवरही २०००पासून दारूच्या जाहिरातींना दार बंद झालं. मग दारूच्या ब्रँडच्याच नावाचा सोडा आला, त्याच नावाचं पाणी, त्याच नावाच्या गाण्यांच्या सीडी, क्रिकेटच्या बॅटी, फॅशन शो. सोडा विकणारा सूटबूट घालून, बोटीवर, हातात काचेचा जड ग्लास घेऊन उभा राहायचा आणि मागून एक बाई त्याच्या खांद्यावर हात ठेवायची. सोड्यासाठी! इतका देखणा सोडा जगात दुसरीकडे कुठे पीत नसतील.

मूळ इंग्रजी ओळीचा भावार्थ असा होता की, आयुष्यात जे पोचले आहेत त्यांच्यासाठी. मी प्रामाणिकपणे लिहिलं, 'पोचलेल्या माणसांसाठी'. क्लायंटच्या बैठकीत एक मराठी अधिकारी होते. ते आधी गप्प बसले, मग खुर्चीतच हलायला लागले आणि मग डोळे पुसत बाकीच्यांना हिंदीत समजावून सांगू लागले की आमच्यात पोचलेला माणूस म्हणजे काय. दुसरा प्रयत्न 'उच्चभ्रू'चा. तो पाडला गेला, कारण उच्चारताना मॉडेलच्या भुवया खरंच वर जात होत्या. 'खानदानी' हिंदी वाटलं. 'घरंदाज' म्हटल्यावर तर सगळी खोली हसली, कारण घरंदाज म्हटलं की डोक्यावर पदर आला, आणि आमच्या स्टोरीबोर्डवरच्या बाईला बाह्याही नव्हत्या. शेवटी ओळ इंग्रजीतच राहिली, फक्त देवनागरीत लिहिली. मला पूर्ण मानधन मिळालं.

त्या रात्री लोकलमध्ये मला जाणवलं की आपल्या भाषेत पिण्याबद्दल दोनच पेट्या आहेत. एकीत दारू, दारुडा, बेवडा, गुत्ता, हातभट्टी, पिऊन पडणं. दुसरीत काहीच नाही. म्हणजे शब्दच नाहीत, गाळलेल्या जागा आहेत. प्रतिष्ठित मराठी माणूस दारू पीत नाही, तो 'घेतो'. काय घेतो ते वाक्यात नसतं. मित्र 'बसतात'. कशाला बसतात ते कुणी विचारत नाही. "तुम्ही घेता का?" या प्रश्नातलं कर्म कुठे गेलं असं कुठल्या व्याकरणाच्या मास्तरांनी विचारल्याचं ऐकलेलं नाही. सोड्याच्या जाहिरातीचं व्याकरणही हेच. क्रियापद ठेवायचं, कर्म गाळायचं आणि गाळलेल्या जागी एक बाई उभी करायची.

तिच्यासाठी नियम होते. लिहिलेले नव्हते, पण प्रत्येक बैठकीत कुणी ना कुणी सांगायचंच. तिने बघायचं, हसायचं, मान मागे टाकायची. तिच्या हातात ग्लास द्यायचा नाही. एकदा एका तरुण आर्ट डायरेक्टरने चित्रात दिला, तर समोरचे गृहस्थ म्हणाले, "तिने घेतली तर मग त्याचं काय राहिलं?" मला त्या वाक्याचा राग यायला पाहिजे होता. मी ते डायरीत उतरवून घेतलं, कारण क्लायंटच्या लेखी सूचनांत, म्हणजे ब्रीफमध्ये, जे सांगता येत नाही ते त्यांनी सांगून टाकलं होतं. बाई गिऱ्हाईक नव्हतीच. ती पावती होती: हा माणूस पितो तरी बाया त्याच्याजवळ येतात, लांब पळत नाहीत, याची पावती.

आणि ती पावती मराठी माणसाला फार हवी होती. का, ते कळायला १९१९पर्यंत मागे जावं लागतं. 'एकच प्याला' रंगभूमीवर आलं आणि त्यानंतर आपल्याकडे दारूशेजारी जी बाई उभी राहिली ती सिंधू, नाटकातल्या दारुड्या सुधाकराची बायको. गडकरी नाटक रंगमंचावर येण्याआधीच गेले होते. सिंधू झाले बालगंधर्व. ज्यांच्या शालूंची नक्कल पुण्यामुंबईच्या बायका करत, ते गंधर्व फाटक्या लुगड्यात जात्यावर बसलेले लोकांनी पाहिले आणि ते चित्र पिढ्यान् पिढ्या उतरलं नाही. माझ्या आजीने नाटक पाहिलं नव्हतं, तरी कुणाचा नवरा पितो कळलं की ती म्हणायची, "झाली तिची सिंधू." हे चित्र हटवल्याशिवाय मराठी मध्यमवर्गाला बाटली विकणं अवघड होतं. दारू वाईट नाही असं पटवून देण्याच्या भानगडीत जाहिरात कधी पडलीच नाही. तिने फक्त दारूशेजारची बाई बदलली.

आधी तर तिने बाई काढूनच टाकली होती. घागरेवाल्याची ती गाजलेली ओळ आठवा: खूब जमेगा रंग, जब मिल बैठेंगे तीन यार, आप, मैं और बॅगपायपर. यार तीन, त्यातला एक बाटली. बायको नाही, मैत्रीण नाही, जात्यावर बसलेलं कुणी नाही. पुढे समुद्र आला, बोट आली आणि बाई परत आली. बिकिनीत.

हा क्रम आपलाच आहे असं समजू नका. अमेरिकेत दारूबंदी उठल्यावर मोठ्या दारू कंपन्यांनी आपणहून जे नियम घालून घेतले होते, त्यांत व्हिस्की-जिनच्या जाहिरातीत बाईचं चित्रच नको असं कलम होतं. ते १९५८ साली सैल झालं, तेही चित्र सभ्य आणि शालीन असेल या अटीवर. शालीनता किती दिवस टिकायची? १९७३ साली एका पुस्तकात दावा करण्यात आला की एका जिनच्या जाहिरातीत, ग्लासातल्या बर्फाच्या खड्यांत 'सेक्स' ही तीन इंग्रजी अक्षरं लपवली आहेत. लोक भिंग घेऊन मासिकं बघत बसले. मला ते संशोधन तेव्हाही विनोदी वाटलं आणि आताही वाटतं. ग्लासाच्या मागे अख्खी बाई उघड उभी असताना बर्फात अक्षरं कशाला लपवतील?

पण १९९१ची गोष्ट विनोदी नाही. ओल्ड मिलवॉकी नावाच्या बिअरची जाहिरात: काही मित्र जंगलात मासे पकडत बसलेत, बिअर उघडली, आणि आकाशातून सोनेरी केसांच्या, बिकिनी घातलेल्या पोरींचा जथा उतरला. 'स्वीडिश बिकिनी टीम'. अमेरिका हसली. त्याच वर्षी, ती बिअर बनवणाऱ्या स्ट्रोह कंपनीच्या मिनेसोटातल्या कारखान्यात काम करणाऱ्या काही स्त्रियांनी कंपनीवर दावा लावला. आरोप असा की कारखान्यात आम्हाला जो लैंगिक त्रास सोसावा लागतो, त्याला या जाहिराती खतपाणी घालतात. ज्या बाया ती बिअर बाटलीत भरत होत्या त्यांनीच म्हटलं, हे चित्र पाहून आमच्या शेजारचा कामगार आमच्याकडे बघतो. कंपनीने जाहिरातीचा बचाव केला, पण ती मालिका बंद पडली आणि दावे दोनेक वर्षांत तडजोडीने मिटले. मी ही गोष्ट वाचली तेव्हा मला गेटबाहेरच्या बायका आठवल्या. जाहिरातीतली बाई आणि दारूच्या कारखान्याच्या दारातली बाई एका वाक्यात आलेल्या मी पहिल्यांदाच पाहत होतो.

फ्रान्सने त्याच वर्षी कायदा केला, १९९१चा एव्हाँ कायदा. टीव्हीवर आणि सिनेमागृहात दारूची जाहिरात नाही. छापील जाहिरातीत द्राक्ष कुठलं, गाव कुठलं, तीव्रता किती, बनवली कशी, इतपत सांगा. मोहिनी बंद. शॅम्पेनचा देश, प्रणयाचा म्हणून मिरवणारा देश, आणि तिथे बाटलीशेजारी बाई आळस देत पडलेली दाखवता येत नाही. आता गंमत बघा. पर्नो रिकार ही कंपनी त्याच फ्रान्सची. भारतात तिच्याकडे बरीच वर्षं इम्पीरियल ब्लू होती, म्हणजे 'मेन विल बी मेन'वाली. जाहिरात अर्थातच गाण्यांच्या सीडीची. लिफ्टमधले ते दोन पोट सुटलेले गृहस्थ तुम्हाला आठवतील: तरुण मुलगी आत येते, दोघे श्वास रोखून पोट आत घेतात, ती उतरते, पोटं पुन्हा जागच्या जागी. मी ती पाहून मनापासून हसलोय, आणि माझंही पोट त्याच मापाचं आहे. त्या जाहिरातीत पुरुषाला मोठं केलेलं नाही, त्याची फजिती केलेली आहे, आणि म्हणूनच ती जास्त चालली असावी. पण तिची गंमत एकाच गृहीतावर उभी आहे: पुरुष असाच असणार, सुधारायचा प्रश्नच नाही. जे घरच्या कायद्यात बसलं नसतं ते आपल्याकडे सीडीच्या नावाने बसलं.

आणखी पुढे ऐका. २०२५मध्ये ही इम्पीरियल ब्लू विकत घ्यायचा करार जाहीर झाला, सुमारे ४,१५० कोटींचा. घेणारी कंपनी टिळकनगर इंडस्ट्रीज. म्हणजे श्रीरामपूरजवळचं टिळकनगर, १९३३ साली डहाणूकरांनी काढलेला साखर कारखाना, आणि ज्या ब्रँडीने तो देशभर गेला तिचं नाव मॅन्शन हाऊस. बातमी वाचून मी आधी हसलो, मग उगाच अभिमान वाटला, मग अभिमान वाटल्याची लाज वाटली. आमच्याच जिल्ह्यातली मळी.

मॅन्शन हाऊस. या नावांपाशी मला जरा थांबू द्या, कारण माझ्या धंद्यातला हा सगळ्यात चोख भाग आहे. एखाद्या वाइन शॉपच्या फळ्या वाचत जा: अॅरिस्टोक्रॅट, डायरेक्टर्स स्पेशल, ऑफिसर्स चॉइस, रॉयल चॅलेंज, रॉयल स्टॅग, इम्पीरियल ब्लू, सिग्नेचर, ब्लेंडर्स प्राइड. सरदार, संचालक, अधिकारी, राजा, सम्राट, सही करण्याचा अधिकार. साहेब गेला पण त्याची सगळी पदं बाटलीत भरून ठेवलीत, आणि कारकून ती शनिवारी रात्री स्टीलच्या पेल्यात ओतून घेतो. आता तिथून निघून गेटसमोरच्या देशीच्या दुकानात जा. तिथली नावं भिंगरी, बॉबी. विलायतीला पदव्या, देशीला पोरींची नावं. ज्याला कॅलेंडर परवडतं त्याला बाई चित्रात मिळते, ज्याला नाही त्याला नावात.

हे गुपित एका मंत्र्याने भर सभेत फोडलं होतं. नोव्हेंबर २०१७, नंदुरबार जिल्ह्यातलं शहादा, सातपुडा साखर कारखान्याचा कार्यक्रम. गिरीश महाजन त्या वेळी जलसंपदामंत्री होते. कारखान्याच्या दारूचं नाव होतं 'महाराजा'. महाजन म्हणाले, खप वाढवायचा तर 'महाराणी' ठेवा. भिंगरी, ज्युली, बॉबी बघा कशा खपतात. राज्यभर गदारोळ झाला, दारूबंदीसाठी लढणाऱ्या स्त्रिया चवताळून उठल्या, मंत्र्यांना दिलगिरी व्यक्त करावी लागली. त्या संतापात मी होतोच, पण घरी येऊन शांतपणे विचार केला तेव्हा ओशाळलो. महाजन जे बोलले ते मी शेकडो बैठकांत ऐकलं होतं, फक्त इंग्रजीत, प्रोजेक्टर लावून, 'ब्रँड पर्सनॅलिटी' वगैरे शब्दांत. त्यांची चूक एवढीच की त्यांनी ते मराठीत आणि माइकवर सांगितलं. कॅलेंडरच्या प्रकाशनाला मेजवानी असते. महाराणीला माफी मागावी लागते.

यावर कुणी ओल्ड मंकचं नाव काढेल, नेहमी काढतातच. बुटकी बाटली, जाहिरात जवळजवळ नाही, बाई नाही, बोट नाही, लेबलावर टक्कल पडलेला एक संन्यासी, तरी १९५४पासून लोक जीव टाकतात. खरं आहे. पण ते प्रेम हॉस्टेलचं आहे. हॉस्टेलातल्या पोराला आपण पोचलोय असं कुणाला दाखवायचं नसतं. पहिला बढतीचा पगार हातात आला की तोच पोरगा फळीवरच्या सम्राटाकडे बोट दाखवतो. मीही दाखवलं.

हल्ली मोहिनीने नाशिकचा रस्ता धरलाय. द्राक्षमळे, लांब दांड्याचे ग्लास, टोप्या घातलेल्या मैत्रिणींचे फोटो. इथे बाईच्या हातात ग्लास आला ही गोष्ट मला, खरं सांगतो, बरी वाटते. निदान ती पावती राहिलेली नाही, गिऱ्हाईक आहे. पण जानेवारी २०२२मध्ये सुपरमार्केटात वाइन विकायचा निर्णय झाला तेव्हा सत्ताधाऱ्यांच्या बाजूने पहिलं समर्थन काय आलं? वाइन म्हणजे दारू नव्हे. विरोधक म्हणाले महाराष्ट्राचं मद्यराष्ट्र करताय. बरेच दिवस वाद चालला. मी टीव्हीसमोर बसून वडिलांची आठवण काढत होतो. ती दारू, ही व्हिस्की, आणि ही तर दारूच नाही.

काही वर्षांपूर्वी आमच्या गावात बायकांनी देशीचं दुकान हटवायला अर्ज केला. त्याची रीत आहे. ठरावीक संख्येने स्त्री मतदारांनी मागणी करायची, मग फक्त बायकांचं मतदान. मतपत्रिकेवर दोन चित्रं: उभी बाटली आणि आडवी बाटली. दुकान राहू दे म्हणणाऱ्यांनी उभीवर शिक्का मारायचा, बंद करा म्हणणाऱ्यांनी आडवीवर. जिंकायला मतं द्यायला आलेल्यांच्या नव्हे, यादीतल्या एकूण बायकांच्या निम्म्याहून जास्त आडव्या लागतात.

मी रजा काढून गेलो होतो. शाळेच्या व्हरांड्यात रांग होती. शेजारच्या लायनीतली ती बाई, आता पार म्हातारी, कडेवरच्या त्या पोराच्या मुलीचा हात धरून उभी होती. पोरगा नव्हता, तो गेल्याला दहा वर्षं झाली होती. नमुन्याची मतपत्रिका भिंतीवर चिकटवली होती, ती मी धंद्याच्या नजरेने पाहिली. काळ्या रेघेची साधी बाटली. लेबल नाही, राजा नाही, घागरेवाला नाही, समुद्र नाही. वर्षानुवर्षं मी ज्या वस्तूवर काहीबाही लिहीत आलो ती इतकी नागडी मी कधी पाहिलीच नव्हती.

आडवी हरली. आलेल्यांत आडव्या कितीतरी जास्त होत्या, पण यादीतल्या निम्म्यांचा आकडा भरला नाही. बऱ्याच जणी पुण्याला कंपन्यांत कामाला, काही सासरी जाऊनही नाव इथेच, काही वर गेल्या तरी नाव इथेच. दुकान दुसऱ्या दिवशी नेहमीच्या वेळेला उघडलं.

संध्याकाळी आई ओट्यापाशी चहा करत होती. साखरेचा डबा उचलला, कागदाचा कोपरा सवयीने वर आला, तिने सवयीने दाबला. मी म्हटलं, "तू तरी नीट मारलास ना शिक्का?"

"आडवीवरच मारला. पण मोतिबिंदूच्या डोळ्याला ती आडवी की उभी तेच लवकर कळेना. कागद फिरवला की दोन्ही सारख्याच." तिने चहा गाळला, कप माझ्यापुढे सरकवला आणि जरा रागानेच म्हणाली, "एवढी वर्षं त्या बाटल्यांचंच काम करतोस ना तू? मग ही एक नीट काढून द्यायला काय झालं होतं?"